वर्ग नको, तास वर चढवा

गेल्या वर्षी सप्टेंबरात, कपाशीवर फवारणी जोरात सुरू असताना, सातवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वही घेऊन माझ्याकडे आली. घरचा पंप पंधरा लिटरचा, एका पंपाला औषध तीस मिली. तिचा काका पंप पुरता रिकामा होऊ देत नाही. अर्धा झाला की बांधावरच्या ड्रममधून पाणी घेऊन तो भरतो आणि औषध मात्र मापानं तीस मिलीच टाकतो. पंपात दरवेळी किती औषध होतं, ते तिनं वहीत एकाखाली एक मांडलं होतं: ३०, ४५, ५२.५, ५६.२५, ५८.१२५.

"सर, हे साठ कवा होते?"

मी म्हटलं, तुला काय वाटतं? "नाई होत. साठाले जेवढे कमी हायेत, ते दरवेळी अर्धे होऊन राह्यले."

मी तिला काही शिकवलं नाही, नुसतं विचारलं: काका पंप एक तृतीयांश उरेपर्यंत फवारत असेल तर? आणि दोन तृतीयांश उरला असतानाच भरत असेल तर? दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी उत्तरं आली. पहिल्याला पंचेचाळीस, दुसऱ्याला नव्वद. कशी काढलीस? "जेवढं फवारलं तेवढंच टाकलं का मंग वाढत नाई. तो आकडा शोधला." साठमधले अर्धे, म्हणजे तीस बाहेर जातात आणि तीस आत येतात, पंचेचाळीसमधले दोन तृतीयांश, तेही तीसच. २०१७ च्या फवारणीत आमच्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी आणि मजूर गेले, त्यामुळे औषध हळूहळू दुपटीला टेकतं हे उत्तर नुसतं वहीत राहण्यासारखं नव्हतं. काकाला तिनं ते आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं.

ज्यांना पुस्तकाचा पत्ता हवा त्यांच्यासाठी: ही गुणोत्तर श्रेढीची बेरीज. ३०, १५, ७.५ असं प्रत्येक पद आधीच्याला एकाच संख्येनं गुणून येतं, आणि त्यांची बेरीज वाढत साठाकडं जाते. दहावीच्या बीजगणितात फक्त अंकगणिती श्रेढी आहे. गुणोत्तर श्रेढी आणि तिची अनंत पदांची बेरीज अकरावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात येते. सातवीतलं पोर चार वर्षं पुढच्या धड्यात आपल्या पायानं चालत गेलं होतं. अशा पोराचं शाळेनं करायचं काय, हा या लेखाचा प्रश्न. तो एका घराचा किंवा एका मास्तराचा आहे असं मला वाटत नाही. दर दोन-तीन वर्षांनी असं एखादं पोर समोर येतं आणि प्रत्येक वेळी आपण नव्यानं गोंधळतो.

आठवड्याभरात तिचे वडील शाळेत आले. "वरच्या वर्गात टाकून द्या ना सर, एक साल वाचते." पालकाला सुचणारा पहिला उपाय हाच असतो, आणि यात त्यांची चूक नाही, कारण दुसरा उपाय आपण त्यांना कधी दाखवलेलाच नाही. पण वाचवलेलं साल कुठं खर्च करणार? पोरीला डॉक्टर करायचं त्यांच्या मनात होतं. नीटला बसायचं तर प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सतरा वर्षं पूर्ण लागतात. तेवढं वय भरलं नसेल तर बारावी होऊनही ती घरी बसणार. शिवाय गणितात चार वर्षं पुढं असलेलं हे पोर मराठीच्या निबंधात, इतिहासात, खो-खोच्या मैदानावर सातवीतलंच आहे. तिथं तिला तिच्या वयाच्या मैत्रिणी हव्यात. वर्ग चढवला की सगळे विषय, सगळं वय, सगळी सोबत एकदम उचलून वर ठेवली जाते, आणि गरज फक्त एका विषयाची असते.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पोराचा वर्ग बदलू नका, त्या विषयाचा तास वर चढवा. सातवीतली मुलगी गणितापुरती नववीत बसू द्या. आणि तसं बसवण्याआधी, ती नववीत पोहोचेल तेव्हा कुठं बसणार, हे कागदावर लिहून ठेवा.

हे दुसरं वाक्य मी चूक करून शिकलो आहे. पंधराएक वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे होता. मी तरुण नव्हतो, पण उत्साह तरुणाचा होता. सातवी संपता संपता मी त्याच्याकडून दहावीचं सगळं बीजगणित करून घेतलं. गावात नाव झालं, संस्थेच्या अध्यक्षांनी स्नेहसंमेलनात त्याला नारळ दिला, मलाही दिला. पुढं काय, याचा विचार ना अध्यक्षांनी केला ना मी. आठवीत तो खिडकीबाहेर बघायचा. नववीत इतरांच्या गृहपाठाच्या वह्या भरून द्यायचा, एका वहीचे दोन रुपये. दहावीत गणितात जवळपास पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. अकरावीला तो नागपूरला गेला आणि दिवाळीला परत आला तो कायमचा. तिथं पहिल्यांदा एक गणित त्याला पहिल्या झटक्यात आलं नाही, आणि न आलेल्या गणितासमोर बसून कसं राहायचं हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तीन वर्षं त्याला एकही गणित अडलं नव्हतं. आज तो आपला धंदा करून नीट कमावतो, भेटला की पाया पडतो. तक्रार त्याची नाही, माझी माझ्याबद्दल आहे.

त्याला अनंत श्रेढीचं सूत्र मी आठवीतच दिलं असतं, आणि त्यानं ते दहा उदाहरणांत बिनचूक वापरलं असतं. पण 'जेवढं फवारलं तेवढंच टाकलं का वाढत नाई' हे त्याच्या तोंडून आलं नसतं, कारण तिथवर जायला लागणारी एक रात्र मी त्याला दिलीच नसती. पुढं नेणं आणि खोल नेणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

शहरातल्या आणि आता तालुक्याच्या गावातल्याही 'फाउंडेशन बॅच' हीच चूक पैसे घेऊन करतात. सहावीपासून आयआयटीची तयारी म्हणजे काय? बहुतेक ठिकाणी आठवीत दहावी, दहावीत अकरावी, आणि प्रत्येक धड्याखाली चार पर्यायांचे शंभर प्रश्न. अकोल्याला, नागपूरला, लातूरला पोरं पाठवणाऱ्या आईबापांची मी टिंगल करणार नाही. एकरभर विकून फी भरणारा माणूस टिंगलीचा विषय नाही. पण पोर खरंच गणितातलं असेल तर त्याला पळवण्याआधी पसरू द्यावं लागतं. याला पुरावा आपल्याच देशातल्या शालेय गणिताच्या सगळ्यात अवघड परीक्षांचा आहे. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र ज्या ऑलिंपियाडचं केंद्र आहे, त्याची पहिली पायरी आयओक्यूएम: तीन तास, तीस प्रश्न, पर्याय नाहीत, उत्तर म्हणून एक पूर्णांक लिहायचा. तिथून रिजनल, मग राष्ट्रीय, मग आंतरराष्ट्रीय. या सगळ्या वाटेवर कलन, म्हणजे कॅल्क्युलस, लागत नाही. लागतं ते संख्या सिद्धांतातलं भाज्य-विभाज्य, मोजणीच्या युक्त्या, भूमितीतली सिद्धता आणि बीजगणित. यातलं पुष्कळसं बोर्डाच्या पुस्तकात एक तर नाहीच, किंवा आहे ते 'परीक्षेला येत नाही' म्हणून आपण पळवतो. सातवी-आठवीच्या पोराला द्यायला हे रान मोकळं पडलेलं आहे, आणि त्यात चरून तो दहावीचा धडाही उष्टा करत नाही.

मग या मुलीसाठी आम्ही काय मांडलं ते सांगतो. आधी आठवीचा वार्षिक पेपर सोडवून घेतला. गुण बघायला नव्हे, भोकं बघायला. बीजगणित झपाट्यानं झालं. भूमितीत मात्र 'दिसतंच आहे' असं लिहून मोकळी. म्हणजे तास फक्त बीजगणिताचा चढवायचा, भूमिती तिच्याच वर्गात, सावकाश, प्रत्येक पायरीला कारण लिहून. सातवीत नववीचं बीजगणित, सोबत भाज्य-विभाज्यतेची आणि मोजणीची वेगळी वही. आठवीत मुद्दाम संथ: दहावीची वर्गसमीकरणं, पण नुसतं सूत्र नाही, पूर्ण वर्ग करून, आलेखावर काढून; आणि भूमितीत समरूपता, वर्तुळ. नववीत निर्देशक भूमिती आणि त्रिकोणमिती. दहावीत बोर्डाच्या परीक्षेचा सराव वर्गाबरोबर, आणि गणिताच्या जादा तासाला अकरावीतले संच, फलं, क्रमचय-संचय आणि गुणोत्तर श्रेढी. श्रेढी तिची आधीच झाली आहे म्हणा, नाव तेवढं सांगायचं राहिलंय.

त्रिकोणमिती नववीतच का? भौतिकशास्त्रासाठी. ही गोष्ट अकरावीला शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, तो कपाळावर हात मारेल. सध्याच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात दुसऱ्याच प्रकरणात सदिश आणि विकलन येतं. गणिताच्या पुस्तकात विकलन दुसऱ्या भागाचं अगदी शेवटचं प्रकरण. म्हणजे वर्षाच्या सुरुवातीला भौतिकशास्त्राचे सर जे वापरतात ते गणिताचे सर वर्षाच्या शेवटी शिकवतात. साधारण पोरगं पाठ करून निभावतं. पुढं असलेल्या पोराला 'हे असंच धरून चाल' म्हटलेलं चालत नाही, ते तिथंच अडून बसतं. त्याच्या योजनेत गणित भौतिकशास्त्राच्या सहा महिने पुढं चाललं पाहिजे, आणि त्यासाठी उलटा हिशेब नववीपर्यंत आणावा लागतो. भाषेचंही तेच. आमच्याकडं सेमी, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून, नाही. सदिश, विकलन, फल हे शब्द मराठीत शिकून अकरावीला व्हेक्टर, डेरिव्हेटिव्ह, फंक्शन समोर आले की हुशार पोरगंही पहिले दोन महिने मुकं होतं. तिच्या वहीत आतापासून डाव्या बाजूला मराठी नाव, उजव्या बाजूला इंग्रजी. एवढंच, पण ते रोज.

विज्ञानाचा तास मात्र मी चढवला नाही. गणितात पुढचा धडा मागच्यावर उभा असतो, डोकं असेल तर जिना चढता येतो. विज्ञानात हात मागं राहून डोकं पुढं गेलं की पोरगं व्याख्या बोलायला लागतं. दहावीच्या 'उष्णता' या धड्यात आर्द्रता आहे, दवबिंदू आहे. ते वाचून दाखवण्यापेक्षा मी तिला दोन तापमापी दिले, एकाच्या फुग्याला ओलं फडकं. एप्रिलात शाळेच्या व्हरांड्यात दोघांतला फरक रोज दुपारी दोन वाजता लिहायचा, जुलैत पुन्हा. उन्हाळ्यात कूलर गारवा देतो आणि पाऊस लागला की तोच कूलर घरभर चिकट दमट करतो, हे विदर्भात कोण जाणत नाही! फक्त ते आकड्यात कोणी लिहिलेलं नसतं. एप्रिलात दोन तापमाप्यांमध्ये भलं मोठं अंतर, जुलैत ते मिटत आलेलं. तिनं तक्ता केला, आलेख काढला, आणि बाष्प होताना उष्णता कुठं जाते असा प्रश्न स्वतःहून काढला. याहून वरचा तास कोणता?

आता व्यवस्थेकडं येतो, कारण एवढं सगळं एका मास्तराच्या हौशीवर चालणं मला मान्य नाही. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, हजेरी कुठं मांडायची? प्रश्न बरोबर होता. शासनाच्या पोर्टलवर विद्यार्थ्याची एकच इयत्ता असते. तासाची इयत्ता वेगळी असा रकानाच नाही. उद्या तपासणीला साहेब आले आणि सातवीतली मुलगी नववीच्या बाकावर दिसली तर खुलासा कोण देणार? दुसरी अडचण वेळापत्रकाची. आठवी ते दहावीचं गणित-विज्ञान शिकवणारा मी एकटाच, त्यामुळे सगळ्या वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी ठेवायची शहरी युक्ती इथं चालत नाही. आम्ही नववीचं बीजगणित सातवीच्या कार्यानुभवाच्या तासाशी जुळवलं, आणि सातवीच्या गणिताच्या तासाला ती मागच्या बाकावर तिची वेगळी वही सोडवत बसली. कार्यानुभवाच्या शिक्षकांनी आधी तोंड वाकडं केलं, मग म्हणाले, कूलरचा आलेख माझ्याकडं मांडू द्या. मिटलं.

गंमत अशी की हेच काम जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा कायम करत आली आहे. एका खोलीत तिसरी आणि चौथी. गुरुजी चौथीला भागाकार शिकवतात, तिसरीतलं एखादं पोर पाटीवर आपलं काम संपवून तो भागाकार ऐकतं, आणि उत्तर मोठ्यांच्या आधी ओरडतं. त्याला कोणी परवानगी विचारत नाही. बहुवर्ग अध्यापनाला आपण कायम गरिबीची खूण म्हणतो. त्यात लपलेली ही सोय हायस्कूलच्या स्वतंत्र खोल्यांत येताना आपण बाहेर ठेवून आलो.

कागदावर अडथळा फारसा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली वयानुरूप वर्गाची तरतूद शाळाबाह्य मुलांना त्यांच्या वयाच्या वर्गात घेण्यासाठी आहे. एका विषयाचा तास वरच्या वर्गात बसून ऐकायला ती आड येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तर विशेष प्रतिभेच्या मुलांना वर्गापलीकडचं साहित्य द्या, विषयवार मंडळं काढा, शाळा संकुलाच्या पातळीवर ती चालवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. संकुल म्हणजे आपलं केंद्र. दहा-बारा शाळा, एक केंद्रप्रमुख, सगळं आधीच आहे. शनिवारी शाळा सकाळची असते. साडेअकराला सुटल्यावर केंद्रशाळेत दोन तास अशा सहा-सात पोरांना एकत्र बसवायला काय लागतं? एक कपाट पुस्तकं, एक फळा, आळीपाळीनं येणारा एक शिक्षक, आणि गावाकडं जाणारी एसटी दोनच्या पुढं ठेवणं. शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड आहे, हे कबूल.

"पण नवोदय आहे ना?" हे ऐकतो तेव्हा मी गप्प बसत नाही. नवोदयचा मला आदर आहे. देशातल्या पहिल्या दोन नवोदय शाळांपैकी एक १९८५-८६ मध्ये आमच्याच विदर्भात, अमरावतीला सुरू झाली, दुसरी हरियाणात झज्जरला. तिथून निघालेली गावची पोरं मी बघितली आहेत. पण तिचं मोठं दार पाचवीच्या वयात एकदा उघडतं, वर्गात साधारण ऐंशी जागा. नववीत एक फट उघडते, रिकाम्या जागांपुरती. माझी ही मुलगी पाचवीत त्या परीक्षेला बसली होती, निवडली गेली नाही. तिचं डोकं सातवीत उघडलं. गणिताला कोणतं वय योग्य हे परीक्षेच्या तारखा बघून ठरत नाही.

आणखी एक आक्षेप आहे, तो मला सगळ्यात जास्त टोचतो. आठवीतल्या पोरांना साधा भागाकार येत नाही आणि तुम्ही एका पोरीसाठी वेळापत्रक हलवता? हा आक्षेप माझ्याच शिक्षक खोलीत आला. मी काय उत्तर देऊ? भागाकार न येणारी पोरं माझीच आहेत, त्यांचा जादा तास मीच घेतो. पण नववीच्या बाकावर सातवीतली मुलगी येऊन बसल्यावर माझा नववीचा वर्ग बदलला, हे मी डोळ्यांनी बघितलं. तिचे प्रश्न बावळट असायचे, म्हणजे मुळाशी जाणारे. बहुपदीच्या भागाकारात बाकी कधी शून्य येते, असं तिनं विचारलं आणि साध्या भागाकारालाच घाबरणारा एक उंच पोरगा पहिल्यांदा फळ्याकडं चालत आला, कारण लहान पोरीसमोर माघार घ्यायची त्याला लाज वाटली. लाजेनं शिकलेलं टिकतं का, हा वेगळा वाद. आला तेवढं खरं. मागं राहिलेल्याला आणि पुढं गेलेल्याला एकच गोष्ट लागते: त्याच्या पायाला बसेल असा तास. वय बघून सगळ्यांना एकाच मापाचे बूट देणारी शाळा दोघांनाही सारखीच सोलवटते.

तेव्हा मागणी थोडी आहे. पोर्टलवर एक रकाना: विषय आणि त्या विषयाची बसण्याची इयत्ता. केंद्रप्रमुखाच्या मासिक अहवालात एक ओळ: अशी किती पोरं, कोणत्या विषयात, पुढची दोन वर्षं काय ठरलं. शिक्षक बदलला तरी सोबत जाणारी पोराची एक वही, ज्यात भोकं आणि योजना दोन्ही लिहिलेली. आणि दहावीनंतर तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या गणिताच्या शिक्षकाशी आधीच ओळख, म्हणजे अकरावीच्या पहिल्या दिवशी त्याला पोर नवखं वाटणार नाही. त्या वाटेनं कधी ती आयसर या विज्ञानसंस्थेत जाईल, कधी बंगळुरूला गणित शिकायला, कधी वडिलांच्या मनातल्या डॉक्टरकीला. ते ती ठरवेल.

मुलगी आता आठवीत आहे. तिची वर्गसमीकरणं चालू आहेत, भूमितीत 'दिसतंच आहे' लिहिणं बंद झालंय. नववीतली त्रिकोणमिती मी घेईन. ती दहावीत पाय ठेवेल त्याच्या आधीच्या मे महिन्यात मी निवृत्त होतो. माझ्या जागेवर कोण येईल, येईल की नाही, हे संचमान्यता, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवणारा सरकारी हिशेब, ठरवेल. दहावीच्या वर्षाचं पान मी तिच्या वहीत लिहून ठेवलंय, शिक्षकाच्या नावाची जागा कोरी आहे.